ऊन कुरोड्यांना, मला नाही

रायपूरमध्ये उन्हाळ्यात माणसाला काहीही झालं तरी निदान एकच असतं: लू लागली, म्हणजे उन्हाची झळ बाधली. ताप आला, लू. चक्कर आली, लू. माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाल चट्टे उमटले, बोटांचे सांधे धरले, तोंडात फोड आले, केस फणीत गुंत्याने निघायला लागले, तरी गुढियारीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीचं एकमत होतं की वैशाखात दिवसभर गच्चीवर बसल्यावर दुसरं काय होणार. मला कैरीचं पन्हं पाजलं गेलं, तळपायांना कांदा चोळला गेला. मीही लूच म्हणत होते. पन्हं प्यायचं आणि परत गच्चीवर जायचं, असं चाललं होतं.

जायचे, कारण तिथे माझं राज्य होतं. आमचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं. सासरे रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आमचे हे मालधक्क्यावर बाबू आहेत. घरात सासूबाईंचा शब्द चालतो, ह्यांच्या ड्यूटीच्या वेळा चालतात, आमच्या ईशाच्या कॉलेजच्या परीक्षा चालतात. पण चैत-वैशाखात गच्चीवर वाळवण पडलं की शब्द माझा. कुरडया, आमच्या बोलीत कुरोड्या, करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा चीक काढायचा आणि तो शिजवताना नेमक्या क्षणी हात थांबवायचा. आधी थांबलात तर कुरोडी उन्हात तडकते, उशीर झाला तर चीक सोऱ्यातून उतरत नाही. तो क्षण मला कळतो. गल्लीतल्या पाच-सहा मराठी घरांमध्ये चीक गॅसवर चढला की बोलावणं मला यायचं. मला हे शिकवलं सासूबाईंनी, पण अलीकडे त्याही विचारायच्या, "झालं का वं? पाहून घे." चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ही एकच गोष्ट होती जिच्यात मला कोणी अक्कल शिकवत नसे. म्हणून आजाराबद्दल लिहायला बसले तरी सुरुवात कुरोड्यांपासून केली. माझ्या हातातून काय जायची वेळ आली होती ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

ऊन आणि मीठ

पावसाळ्यात चट्टे फिके पडले आणि लू उतरल्याचं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. कुवारात, म्हणजे आश्विनात, आभाळ मोकळं झालं, ऊन पुन्हा तापलं आणि चट्टे आधीपेक्षा लाल होऊन परत आले. आता सकाळी उठल्यावर मूठ वळत नव्हती. सोऱ्या दूरच राहिला, कणीक मळता येईना. ह्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही नव्या रायपूरच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिकडचे रस्ते ऐसपैस आणि झाडं अजून कंबरेएवढी. बसस्टॉपपासून फाटकापर्यंत चालताना चेहरा तव्यावर धरल्यासारखा झाला.

डॉक्टरीण वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. तिने विचारलं, उन्हात किती वेळ असता. मी ऐटीत सांगितलं, सीझनमध्ये सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत. तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग रक्त झालं, लघवी झाली, आणि आठवड्याने परत बोलावून तिने नाव सांगितलं: ल्युपस. शरीराची पहारा देणारी ताकदच आपल्या माणसांवर उलटते आणि माझ्या बाबतीत तिला चिथावणी देतं ऊन, असं तिने समजावलं. हे संसर्गाने होत नाही, माझ्या कुठल्या चुकीने झालेलं नाही, हेही दोनदा सांगितलं.

ह्यांनी विचारलं, किती दिवसांत बरं होईल.

"ये जाएगा नहीं," ती म्हणाली. "इसको दबाकर रखना पड़ेगा."

मग माझ्याकडे वळून तिने बंदीची यादी सांगितली. ऊन बंद. पायावर सूज आहे आणि मूत्रपिंडाला त्रास सुरू झालाय, म्हणून मीठ अगदी कमी. पापड, लोणचं, कुरडई यांचं नाव काढायचं नाही.

अशा वेळी बाया रडतात असं मी ऐकलं होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. ऊन आणि मीठ, ज्या दोन गोष्टींवर माझी गच्ची उभी होती त्या दोन्ही हिने एका दमात काढून घेतल्या. मी तिला म्हटलं, मॅडम, मी रायपूरला राहते, इथे उन्हापासून पळून जाऊ कुठे. ती हसली नाही. छत्री घ्या म्हणाली.

परतताना ऑटोत गल्लीच्या वळणावर हे हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको. लू म्हन." मी विचारलं काहून. तर म्हणाले, कातडीचं काही आहे असं कळलं की लोक हातचं पाणीसुद्धा पीत नाहीत, तुझ्या कुरोड्या कोण खाईल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि म्हणूनच ते मला फार लागलं. पुढचे सहा महिने आमच्या घरात ल्युपसला लू म्हणत होते, आणि त्या सहा महिन्यांत मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

छत्री

छत्री मात्र घेतली, काळी, मोठी, पुरुषांची. पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज, हातमोजे, तोंडाला ऊन अडवणारं पांढरं मलम आणि वर छत्री, अशी मी हिवाळ्याच्या तोंडावर भाजी आणायला निघाले की धान्याच्या गोदामांसमोर बसलेल्या हमालांची करमणूक व्हायची. एकाने विचारलं, दीदी, पाऊस कुठे आहे. मी म्हटलं, तुमच्याकडे अजून पोचला नाही का. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पुढे पुढे माझ्यासाठी हातगाडी बाजूला घ्यायला लागले.

हे लिहिते कारण तुमच्यापैकी एखादीच्या हातात कालच रिपोर्ट आला असेल आणि ती छत्रीला लाजत असेल. लाजू नका. लोक आठ दिवस बघतात, मग त्यांना दुसरं काहीतरी सापडतं. मलमाचा खर्च नवऱ्याला जास्त वाटत असेल तर त्यांना मी नंतर दवाखान्यात काढलेल्या अकरा दिवसांबद्दल सांगा.

माझ्या ताटाचे पहारेकरी

आजार कोणता हे कोणाला सांगितलं नव्हतं, तरी पथ्य सगळ्यांनी सांगितलं. नागपूरच्या नणंदेने फोनवर वांगं बंद केलं. वांग्याने अंगावर उठतं म्हणे. चुलत सासूबाईंनी तुरीची डाळ बंद केली. समोरच्या मास्तरीणबाईंनी आंबट बंद केलं, त्यात चिंच, दही, टमाटर सगळं गेलं. पंडरीच्या कापडबाजारात दुकान असलेल्या ह्यांच्या मित्राने शेंगदाणे बंद केले आणि एका वैद्याचं चूर्ण आणून दिलं. त्यात काय आहे हे त्या वैद्याच्या पुडीवर लिहिलेलं नव्हतं. सासूबाई प्रत्येकाचं ऐकत होत्या आणि माझ्या ताटातून एकेक पदार्थ उचलत होत्या. शेवटी ताटात भात, मुगाचं पाणी आणि उकडलेला दोडका राहिला. त्यात मीठही नाही.

दीड महिन्यात माझे ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईने वजन बघून विचारलं, तुम्ही खाता तरी काय. मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. मग एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: मीठ कमी, ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत तोवर साखर कमी, कोणतंही चूर्ण-काढा नाही, आणि बाकी डाळ, अंडं, भाजी, फळ, दूध सगळं पोटभर. हे माझ्या तब्येतीचं पथ्य आहे. तुमची मूत्रपिंडं तुमची, तुमच्या डॉक्टरला विचारा. पण नणंदेला विचारू नका.

त्या संध्याकाळी मी स्वतः छत्री घेऊन जाऊन वांगी आणली. मुठी वळत नव्हत्या म्हणून ईशाकडून चिरून घेतली आणि तुरीच्या डाळीत घालून, वर मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, चार शेंगा टाकून भाजी केली. मीठ नव्हतं, पण लिंबू होतं, लसूण होता, जिऱ्याची फोडणी होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी दोनदा वाढून घेतलं. रात्रभर त्यांनी माझ्या अंगावर काय उठतं याची वाट बघितली आणि काहीच उठलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं असावं.

पुसातलं ऊन

आता ती चूक. ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची.

माझ्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं होतं. ते स्वाभाविक होतं, मी उन्हात जातच नव्हते, आणि त्यासाठी गोळ्या दिल्या होत्या. ईशाने कागद वाचून आजीला सहज सांगितलं की हे जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. सासूबाईंना अख्ख्या आजाराचा उलगडा झाला. सूर्य फुकट देऊन राहिला अन् ही बाई दार लावून गोळ्या खाऊन राहिली, म्हणून तर हाडं धरली, असं त्या येईल-जाईल त्याला सांगू लागल्या. डॉक्टरने ऊन बंद सांगितलंय, असं मी म्हटलं.

"काहून घाबरून राहिली वं?" त्या म्हणाल्या. "वैशाखातलं ऊन येगळं. हे पुसातलं ऊन आहे. बाळंतिणीले देतात, तान्ह्या लेकराले देतात."

खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं. आमच्याकडे पुसातलं, म्हणजे पौषातलं, ऊन कोणी नाकारत नाही. थंडीत अकरा वाजले की सगळी गल्ली गच्चीवर असते, तिथेच मटार सोलतात, तिथेच जेवतात. शेजारच्या गच्चीवर फुलेश्वरी दीदी कोहळा किसून उडदाच्या डाळीत मिसळायची आणि बड्या, म्हणजे आपले सांडगे, घालायची. आमच्या दोघींच्या गच्चींमध्ये कंबरेएवढी भिंत आहे. वीस वर्षांत ती मराठी समजायला लागली, मी छत्तीसगढी, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलतो. छत्री, मलम, हातमोजे सगळं खाली ठेवून मी गच्चीवर गेले. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यांना तिळाचं तेल लावलं. मी भिंतीपलीकडे हात घालून दीदीला बड्या घालू लागले. ऊन अंगात मुरत होतं, सांधे मोकळे होत होते, सासूबाई गुणगुणत होत्या. बारा दिवस मी रोज दोन तास बसले. आजार सुरू झाल्यापासूनचे ते माझे सर्वांत सुखाचे बारा दिवस होते, आणि हे मी आजही लपवत नाही.

तेराव्या दिवशी ताप आला. पायांच्या घोट्यांवर बोट दाबलं की खळगा पडून तसाच राहायला लागला. श्वास घेताना छातीत टोचत होतं. ह्यांनी उचलून ऑटोत घातलं तेव्हा मी चपला घातल्या नव्हत्या.

वॉर्ड

अकरा दिवस. पहाटे पाचला वजन, मग लघवी मोजायची, मग रक्त, मग नाश्त्याला अळणी दलिया. तीन दिवस सलाईनमधून मोठं औषध चाललं, त्याने तोंड कडू झालं आणि मन सैरभैर. डॉक्टरीणबाई रागावली नाही. मी गच्चीवर बसल्याचं सांगितल्यावर तिने फक्त एवढं म्हटलं की त्वचेला ऊन गरम लागत नाही म्हणून ते निरुपद्रवी असतं असं नाही. हे मला आधी कोणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

वॉर्डात माझा पलंग दक्षिणेच्या खिडकीला होता. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, खिडकीतून आत शिरत नाही. पुसात तो तिरपा चालतो आणि थेट खोलीत येतो. दहाला उन्हाचा पट्टा फरशीवर, अकराला पलंगाच्या पायापाशी. मी पाय पोटाशी घेऊन त्याच्याकडे बघत बसायचे. पडदा ओढा म्हणावं तर बाकीच्या बाया थंडीने कुडकुडत होत्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पलंगावरची म्हातारी उठून माझ्यापाशी आली. ती कवर्ध्याकडच्या खेड्यातली, दम्याची. छत्तीसगढीत उन्हाला घाम म्हणतात. ती म्हणाली, "तोर घाम मोला दे दे, बेटी." सिस्टरने आमचे पलंग बदलून दिले. म्हातारी खिडकीशी पाय पसरून पडली आणि मी भिंतीकडच्या सावलीत. त्या अकरा दिवसांत मला मिळालेली ही सर्वांत मोठी मदत होती, आणि ती करताना म्हातारीला वाटत होतं की मीच तिच्यावर उपकार केलेत.

ईशा माझ्यापाशी राहायची. ती मराठी समजते पण लहानपणापासून उत्तर हिंदीत देते, कितीही ओरडले तरी. चौथ्या दिवशी औषधाने मला नीट दिसेना, मी घाबरून हात चाचपडत होते, तेव्हा ती कानाशी येऊन म्हणाली, "आई, मी आहो न. तुले पानी देऊ?" मी पाणी प्यायले. त्यावर काही बोलले नाही, बोलले असते तर ती पुन्हा हिंदीत गेली असती.

सातव्या दिवशी सासूबाई आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी दोन जिने चढून आल्या. बराच वेळ माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत बसल्या.

"मीच तुले उन्हात बसवलं," त्या म्हणाल्या.

"मी बसली, आई. मी काही बाहुली नव्हती."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं, आणि घरी आल्यावर ते मला दिसलं.

कुलूप

मी माघात घरी आले तेव्हा गच्चीच्या जिन्याला कुलूप होतं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. तुळस खाली अंगणात आणलेली, कपडे गल्लीत दोरी बांधून वाळत होते. माझ्या खोलीला हिरवा जाड पडदा शिवून लावला होता. ह्या वर्षीपासून घरात वाळवण बंद, सोऱ्या माळ्यावर, असं त्यांनी सांगून टाकलं. कोणी वाद घातला नाही. सगळे माझ्याशी इतक्या प्रेमाने वागत होते की ओरडायचं तरी कोणावर.

गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला होता. दंडात ताकद नव्हती, पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलायचे. मला भीती वाटायची ती दुपारी. जेवणं झाली की गल्ली शांत व्हायची आणि पडद्याच्या कडेने उन्हाची एक रेघ आत यायची. मी त्या रेघेकडे पाठ करून बसायचे आणि विचार करायचे, की आता हेच का. हिरव्या अंधारात बसलेली बाई, जिला सगळे जपतात आणि जिला कोणी काही विचारत नाही. मरणाची भीती वॉर्डात राहिली होती. ही त्याहून वाईट होती.

चैत लागला. समोरच्या मास्तरीणबाईंकडे चीक शिजल्याचा वास आला. मला बोलावणं आलं नाही. ईशाने सांगितलं की त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून केला, आणि कुरोड्या तडकल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मी दिवसभर खूश होते.

भिजवलेला गहू

तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईला सरळ विचारलं: ऊन मला नको आहे, कुरडईला हवं आहे. मी आत बसून केल्या आणि बाहेर दुसऱ्याने नेल्या तर? तिने जरा विचार करून परवानगी दिली. खिडकीपासून लांब, पूर्ण बाह्या, मलम, दम लागला की थांबायचं, आणि मिठाच्या आपण खायच्या नाहीत.

घरी ह्यांपैकी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चर्चा झाली असती आणि चर्चेत सगळे माझं भलंच बघतात. सासूबाई देवळात गेल्या असताना मी ईशाकडून बादलीत चार किलो गहू भिजवून घेतला आणि बादली माझ्या पलंगाखाली सारली. रोज पाणी बदलायला तिलाच लावलं. भिजवलेल्या गव्हाचं एक आहे: तो कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो, मग तो वाटावाच लागतो, नाही तर फेकावा लागतो. आणि सासूबाईंनी आयुष्यात कधी धान्य फेकलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि वाकून बादली बाहेर ओढली.

"कोनाले इचारून भिजवला?"

"कोनालेच नाही."

"तुले मरायचं आहे काय?"

"नाही आई," मी म्हटलं. "म्हनूनच भिजवला."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. गव्हाचा दाणा काढून बोटांत चिरडून बघितला, आतला पांढरा चीक नखावर आला. दाणा बरोबर भिजला होता, हे त्यांच्याएवढं कोणाला कळणार. मग म्हणाल्या, "उन्हात कोन जाईन?"

"कुरोड्या जातीन. मी नाही."

त्यांनी बादली परत पलंगाखाली सारली. संध्याकाळी ईशाला गहू वाटायला द्यायला मी झाकण उचलायला गेले, तर त्यावर गच्चीची किल्ली ठेवलेली होती.

बाज

गच्चीला लागून आमची एक लहान खोली आहे, जुन्या गाद्या-बाजांची. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे गॅस नेला. दोन नवारीच्या बाजा मध्ये मांडून त्यांवर ओली धोतरं ताणून बांधली. बेत साधा होता: कुरोड्या बाजेवर आतच घालायच्या आणि बाजच्या बाज उचलून उन्हात न्यायची.

आदल्या संध्याकाळी ईशाने गहू वाटून चीक काढला होता. त्यातला थोडा मी वेगळ्या पातेल्यात काढून ठेवला, मीठ न घालता. माझ्या हातात दांडा पेलत नव्हता म्हणून सासूबाई ढवळायला बसल्या. मी शेजारी स्टुलावर. चीक घट्ट होत आला, बुडबुडे जड झाले, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अजून नाही. पुन्हा बघितलं. पुन्हा नाही. मग रंग पाण्यासारखा होऊन चिकाने पातेल्याची कड सोडली आणि मी म्हटलं, "बस." त्यांचा हात त्याच क्षणी थांबला. मला तिथेच रडू आलं, निदानाच्या दिवशी न आलेलं सगळं. कोणी समजूत घातली नाही, कारण चीक गरम असेपर्यंत घालावा लागतो.

सोऱ्यातून तीन कुरोड्या मी घातल्या. चौथीला मनगट गेलं. पुढे ईशाने घातल्या, वेड्यावाकड्या, मी प्रत्येकीला नावं ठेवली आणि ती हिंदीत उलट बोलत राहिली. सासूबाईंनी अळणी पातेल्यातला गरम चीक बोटावर घेऊन चाखला. तोंड वाकडं केलं. मग वाटीत घेतला आणि तूप घालून सगळा खाल्ला. शिजला चांगला आहे, एवढं म्हणाल्या.

ऊन गच्चीवर आलं तसे हे ऑफिसच्या शर्टातच वर आले. एका टोकाला हे, दुसऱ्याला ईशा. मी दाराच्या आत, उंबरठ्यापाशी सावली जिथे संपते तिथून एक हात मागे, छत्री उघडून उभी. तिथून मी ओरडत होते, सरळ धरा, ते टोक वर घ्या, भिंतीला लावू नका. सहा महिन्यांत मी ह्यांच्यावर इतकी ओरडले नव्हते आणि हे इतके निमूट हसले नव्हते. पहिली बाज उन्हात टेकली. पांढऱ्या धोतरावर कुरोड्या चमकायला लागल्या. दुसऱ्या बाजेच्या कोपऱ्यात माझ्या वीस अळणी होत्या, त्यांच्याभोवती सासूबाईंनी कुंकवाने रेघ ओढली, उगाच मिसळायला नकोत म्हणून.

पलीकडच्या गच्चीवर फुलेश्वरी दीदी कपडे वाळत घालत होती. तिने ह्यांना विचारलं, दीदीची लू उतरली का. ह्यांनी बाज नीट टेकवली, कंबर सरळ केली आणि आजूबाजूच्या चार गच्च्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की लू कधी नव्हतीच, ल्युपस आहे, तो जन्मभर राहणार आहे आणि तो कोणाला लागत नाही. मग पुन्हा वाकून दुसऱ्या बाजेचं टोक सरळ केलं.

दीदी भिंतीपाशी आली, डोळ्यांवर हात धरून आमच्या अंधाऱ्या खोलीत मला शोधू लागली. छत्री दिसली तशी तिने हाक मारली.

"बने हो गेव का, दीदी?"

बरी झालीस का, हा प्रश्न मला सहा महिने सगळ्यांनी विचारला होता, फोनवर, दारात, वॉर्डात, आणि प्रत्येक वेळी मी खोटं बोलले होते.

"बरी नाही झाली," मी आतून ओरडून सांगितलं. "कुरोड्या झाल्या."